व्हिएतनामी विद्यार्थी आणि वाटेवरचे इंग्रजी शब्द

विद्यार्थिमित्रहो, परभाषा लिहितांना व बोलतांना आपल्या हातून ज्या चुका होतात त्या केवळ आळसामुळें अगर अज्ञानामुळें होतात, अशी माझी पुष्कळ वर्षें समजूत होती. ही समजूत एका व्हिएतनामी विद्यार्थिनीच्या वहीनें दूर केली. ती हकीकत आधीं सांगतों, आणि मग तिच्यावरून निघालेला पाठ तुमच्यापुढें ठेवितों.

सन २०२५ च्या पावसाळ्यांत हो चि मिन्ह नगरांतील एक तरुणी शिक्षणाकरितां पुण्यास राहिली होती. हें नगर म्हणजे पूर्वींचें सायगांव. १९७६ सालीं त्याचें नांव बदललें. स्वदेशीं परत गेल्यावर लहान मुलांस इंग्रजी शिकवावें असा तिचा मानस होता, म्हणून आठवड्यांतून दोन दिवस ती माझ्याकडे अभ्यासास येई. तिच्या भाषेंत शिक्षकास 'शिक्षक' अशीच हांक मारण्याचा प्रघात असल्यामुळें ती मला 'टीचर' म्हणे. पहिल्याच आठवड्यांत मीं तिला 'माझा प्रवास' ह्या विषयावर कांहीं ओळी लिहावयास सांगितल्या. तिनें लिहिलें तें असें:

'वन डे आय स्टक ट्रॅफिक जॅम टू अवर. ऑन रोड हॅव मेनी मोटरबाइक, मेनी लाइट रेड. आय गो डाउन बस अँड वॉक.'

मीं तांबडी पेन्सिल घेतली आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाखालीं रेघ ओढली. तिनें तें पान बराच वेळ पाहिलें व हळूच विचारलें, "टीचर, ह्यांत एकहि शब्द बरोबर नाहीं काय?" मीं कांहींसें हंसून 'सुधारणा होईल' असें म्हटलें, परंतु पुढच्या दोन पाठांत तिनें जें लिहून आणलें तें सारें क्रमिक पुस्तकांतून पाठ केलेलें होतें. त्यांत चूक एकहि नव्हती, आणि तिचें स्वतःचें असेंहि कांहीं नव्हतें. बोलण्याची वेळ आली कीं ती मान खालीं घाली. जी उद्यां मुलांना बोलावयास शिकविणार, ती स्वतःच बोलावयास भिऊं लागली होती, आणि त्याला कारण माझी पेन्सिल होती. तेव्हां मीं ती पेन्सिल बाजूस ठेविली आणि तिला म्हटलें, "हींच वाक्यें तुमच्या भाषेंत कशीं म्हणतात तें आतां तुम्ही मला शिकवा."

त्या दिवसापासून महिनाभर मी विद्यार्थी व ती शिक्षिका असा क्रम चालला. जें शिकलों तें पुढीलप्रमाणें.

१. रस्त्यावरील नांवें

व्हिएतनामी भाषेंत 'सॅ' म्हणजे गाडी. ह्या एका लहान शब्दापुढें दुसरा शब्द ठेवला कीं निराळें वाहन तयार होतें. सायकल म्हणजे 'सॅ डाप', अर्थात् पायानें दाबावयाची गाडी. मोटारसायकल म्हणजे 'सॅ माय', यंत्राची गाडी. भाडें घेऊन मागें बसवून नेणाऱ्या मोटारसायकलीस 'सॅ ओम' म्हणतात, म्हणजे मिठीची गाडी. कारण मागील उतारूस चालविणाऱ्याला धरून बसावें लागतें. आणि रेल्वेची गाडी म्हणजे 'सॅ लुआ'. 'लुआ' म्हणजे आग. हा शब्द ऐकतांच मी चमकलों. आपल्याकडे १८५३ सालीं मुंबई ते ठाणें अशी पहिली गाडी सुटली, व वाफेच्या यंत्रांतील विस्तव पाहून आपल्या लोकांनीं तिला 'आगगाडी' म्हटलें. तिकडे सायगांवाहून मी थो गांवापर्यंत १८८५ सालीं पहिली गाडी धांवली, आणि त्या लोकांनींहि अगदीं तेंच नांव दिलें. दोघांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलें नव्हतें; परंतु धूर व ठिणग्या पाहून दोघांच्या मनांत एकच शब्द उठला.

कांहीं नांवें फ्रेंच अंमलांत तिकडे गेलीं व तेथेंच रुळलीं. स्टेशनास 'गा' म्हणतात. तीन चाकांच्या सायकलरिक्षेस 'सिक लो' म्हणतात. बसला 'सॅ ब्वीत' म्हणतात. ह्या शेवटच्या शब्दाची कुळकथा मोठी मौजेची आहे. लॅटिन भाषेंत 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठीं'. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समध्यें सर्वांस खुल्या असलेल्या भाड्याच्या घोडागाडीस तें नांव मिळालें. पुढें घाईच्या बोलण्यांत डोकें गळालें आणि शेपूट राहिलें. म्हणजे 'बस' हा मूळचा शब्द नव्हेच, केवळ विभक्तीचा प्रत्यय आहे. फ्रेंच माणसाचें तें शेपूट व्हिएतनामी तोंडांत 'ब्वीत' झालें, आणि आपल्या तोंडांत तें 'बस' राहिल्यामुळें खेड्यांतील आजीबाईस तें गाडीचें नांव वाटलें काय किंवा बसण्याची आज्ञा वाटली काय, अर्थाची हानि झाली नाहीं!

सन १९८६ मध्यें त्या देशांत आर्थिक धोरण पालटलें. तत्पूर्वीं रस्त्यांवर सायकलींचें राज्य होतें. नंतरच्या काळांत तेथें मोटारसायकली लाखोंनीं आल्या. हनोई व हो चि मिन्ह ह्या दोन्ही नगरांत सकाळसंध्याकाळ रस्ता असा भरून वाहतो कीं पाय ठेवावयास जागा राहूं नये. म्हणूनच वाहतुकीच्या कोंडीचे इंग्रजी शब्द हे तेथील विद्यार्थ्यास पुस्तकी धडा नसून रोजच्या जीवनाचा भाग आहेत.

२. 'स्टक' आणि 'ट्रॅफिक जॅम'

आतां तिचें पहिलें वाक्य पाहूं. 'आय स्टक ट्रॅफिक जॅम टू अवर.' सायगांवकडे कोंडीस 'कॅत सॅ' म्हणतात, म्हणजे गाडी अडकणें. उत्तरेकडे हनोईस 'ताक डुओंग' म्हणतात, म्हणजे रस्ता तुंबणें. एकाच त्रासाकडे दक्षिणेनें गाडींत बसून पाहिलें आणि उत्तरेनें रस्त्यावर उभें राहून पाहिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. तिच्या भाषेंत हा सर्व प्रकार क्रियापदानें सांगतात. इंग्रजींत 'जॅम' हें नाम आहे, त्याच्या आंत माणूस असावें लागतें, आणि 'स्टक' होण्यास 'वॉज' हें साहाय्य लागतें. म्हणून 'आय वॉज स्टक इन अ ट्रॅफिक जॅम.' 'अ' आणि 'द' हीं उपपदें तिच्या भाषेंत नाहींत, मराठींतहि नाहींत. ह्या एका बाबतींत ती व तुम्ही एकाच बांकावर बसलेले आहांत.

परंतु तिच्या मूळ वाक्यांत एक शब्द होता, जो इंग्रजींत आणतांच आला नाहीं. तो 'बी' हा होय. एखादी गोष्ट वाट्यास आली आणि ती दुःखाची असली तर व्हिएतनामी माणूस क्रियापदापूर्वीं 'बी' लावतो. सुखाची असली तर 'डुओक' लावतो. मार बसला तर 'बी', बक्षीस मिळालें तर 'डुओक'. 'मी कोंडींत सांपडलें' असें म्हणतांना ती 'बी' म्हणते, आणि त्या एका अक्षरांत 'काय सांगूं, मला सोसावें लागलें' एवढा अर्थ येतो. इंग्रजी 'वॉज' मध्यें तें दुःख नाहीं. जें वाक्य मीं अपुरें म्हणून खोडलें, तें तिच्या मनांत माझ्या शुद्ध वाक्याहून भरलेलें होतें.

'टू अवर' ह्यांत 'अवर्स' हवें हें खरें. परंतु तिच्या भाषेंत नामास अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाहीं; 'दोन' म्हटलें कीं झालें. आपणहि 'एक तास, दोन तास' असेंच म्हणतों. तासाला त्यांचा शब्द 'तिएंग'. त्याच शब्दाचा अर्थ आवाज असाहि होतो व भाषा असाहि होतो.

'जॅम' ह्या शब्दानें तिला प्रथम हंसूं आलें होतें, कारण तिनें तो पावाला लावण्याचा मुरंबा म्हणून शिकला होता. घट्ट दाबून बसविणें असा त्या क्रियापदाचा अर्थ आहे, आणि रस्त्यावरील कोंडीचें नांव त्यावरूनच पडलें. मग ती म्हणाली, "टीचर, आमच्याकडेहि गोड आहे. 'डुओंग' म्हणजे रस्ता, आणि 'डुओंग' म्हणजेच साखर!" त्या दिवशीं ती प्रथमच आपण होऊन बोलली.

३. शब्दांचा क्रम व चढउतार

'लाइट रेड' असें तिनें कां लिहिलें? कारण तिच्या भाषेंत विशेषण नामाच्या मागून येतें. 'डॅन डॉ', दिवा तांबडा. आपण मराठींत 'तांबडा दिवा' म्हणतों, म्हणून आपल्याला इंग्रजी क्रम सोपा जातो. ह्यांत आपली हुशारी कांहीं नाहीं. 'बस स्टॉप', 'ट्रॅफिक लाइट' अशा जोडशब्दांतहि तिच्याकडे मुख्य शब्द आधीं येतो. अशा विद्यार्थ्यास एकच नियम सांगावा: इंग्रजी जोडशब्द शेवटून वाचा. शेवटचा शब्द वस्तु सांगतो, आधींचा तिचा प्रकार सांगतो.

'ऑन रोड हॅव मेनी मोटरबाइक' ह्यांत 'हॅव' आलें, कारण तिच्या भाषेंत 'असणें' व 'जवळ असणें' ह्या दोहोंस 'कॉ' हा एकच शब्द आहे. इंग्रजींत येथें 'देअर आर' लागतें. हें 'देअर' म्हणजे कांहींच नव्हे. कर्त्याची रिकामी खुर्ची भरण्यासाठीं बसविलेला पाहुणा आहे. हें सांगितल्यावर तिनें ती चूक पुन्हां केली नाहीं.

'गो डाउन बस' ही चूक तर तुमच्या परिचयाची असावी. तिच्याकडे गाडींत 'लेन' म्हणजे वर जाणें आणि गाडींतून 'सुओंग' म्हणजे खालीं येणें. बस असो कीं मोटार असो. आपणहि चढतों व उतरतों, आणि म्हणून आपले लोक 'गेट डाउन' म्हणतात. इंग्रजांची रीत निराळी. ज्या वाहनांत उभें राहून चालतां येतें अगर ज्यावर मांड टाकून बसतात, तेथें 'गेट ऑन' व 'गेट ऑफ'. म्हणजे बस, आगगाडी, सायकल. ज्या लहान वाहनांत वांकून शिरावें लागतें तेथें 'गेट इन' व 'गेट आउट'. म्हणजे मोटार व टॅक्सी. तसेंच सायकल व मोटारसायकल 'राइड' करितात. मोटार व बस 'ड्राइव्ह' करितात.

इंग्रजी सर्वत्र सूक्ष्म आहे असें मात्र समजूं नका. व्हिएतनाममध्यें १५ डिसेंबर २००७ पासून मोटारसायकलीवर बसणाऱ्यास शिरस्त्राण सक्तीचें झालें. इंग्रजींत शिरस्त्राण, सदरा, चष्मा, जोडा ह्या सर्वांस 'वेअर' हें एकच क्रियापद. व्हिएतनामींत डोक्यावर घालण्याचें क्रियापद निराळें, अंगांत घालण्याचें निराळें. आपणहि पागोटें बांधतों आणि चष्मा लावतों. येथें आपण दोघे श्रीमंत, इंग्रज गरीब.

४. उच्चार

व्हिएतनामी भाषा आज रोमन लिपींत लिहितात. ह्या लिपीचा पाया सतराव्या शतकांत ख्रिस्ती धर्मगुरूंनीं घातला, आणि आलेक्सांद्र द रोद ह्यांचा कोश १६५१ सालीं रोम येथें छापला गेला. आपल्याकडे फादर स्टीफन्स ह्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रोमन अक्षरांतच छापलें होतें, हें तुम्हांस ठाऊक असेल. लिपि ओळखीची असली म्हणजे इंग्रजी वाचणें सोपें जावें असें वाटतें. परंतु ओळखीच्या अक्षराचा अनोळखी उच्चार हा मोठाच फांस आहे. त्यांच्याकडे एक्स ह्या अक्षराचा उच्चार 'स' होतो, आणि टी व एच मिळून आपला 'थ' होतो. म्हणून 'थर्ड' हा शब्द ते आपल्यासारखाच, जीभ दातांबाहेर न काढतां म्हणतात.

त्याहून कठीण गोष्ट शब्दाच्या शेवटाची. व्हिएतनामी अक्षराच्या शेवटीं फार थोडीं व्यंजनें येऊं शकतात. 'स' येत नाहीं, 'फ' येत नाहीं, आणि 'आय' ह्या स्वरानंतर तर कोणतेंच व्यंजन येत नाहीं. परिणामीं 'लाइट', 'लाइन', 'लाइफ' व 'लाइक' हे चारहि शब्द नवशिक्याच्या तोंडून 'लाय' असे बाहेर पडतात. सन २०२४ च्या डिसेंबरच्या २२ तारखेस हो चि मिन्ह नगरांत पहिली मेट्रो सुरू झाली. तिची लांबी सुमारें २० किलोमीटर असून १४ स्थानकें आहेत. परक्या उतारूस 'ही लाइन' म्हणावें आणि त्यानें 'हा लाइट' ऐकावें, असा प्रसंग तेथें सहज येईल. ह्यावर उपाय म्हणून आम्हीं शब्द जोडून म्हणण्याचा सराव केला: 'लाइट इज रेड', 'लाइन इज लाँग'. पुढें स्वर आला कीं शेवटचें व्यंजन त्याचा हात धरून बाहेर पडतें.

५. इंग्रजांचेच घोटाळे

कित्येक चुकांचा दोष शिकणाऱ्याकडे नसून इंग्रजी भाषेकडेच आहे. 'पेव्हमेंट' म्हणजे इंग्लंडांत पायीं चालणाऱ्यांची वाट. अमेरिकेंत त्याच शब्दाचा अर्थ गाड्यांचा पक्का पृष्ठभाग. 'पेव्हमेंटवरून चाला' ही सूचना एका देशांत जीव वांचविणारी व दुसऱ्या देशांत जिवावर बेतणारी! 'सबवे' म्हणजे अमेरिकेंत भुयारी रेल्वे, इंग्लंडांत रस्त्याखालील पायवाट. 'राइट' म्हणजे उजवा आणि बरोबरहि. व्हिएतनाममध्यें वाहनें उजव्या बाजूनें चालतात, तेव्हां तेथें दोन्ही अर्थ जुळतात, इंग्लंडांत मात्र जुळत नाहींत.

'फाइन' म्हणजे छान, आणि 'फाइन' म्हणजे दंड. १ जानेवारी २०२५ पासून त्या देशांत तांबडा दिवा ओलांडणाऱ्यांचे दंड पुष्कळ वाढविण्यांत आले, तेव्हां हा दुसरा अर्थ प्रत्येकानें शिकून ठेविलेला बरा. 'टिकेट' म्हणजे हातांतील कागद, 'फेअर' म्हणजे त्यासाठीं दिलेलें भाडें. 'रश अवर' म्हणजे धांवपळीची वेळ, जरी त्या वेळीं कोणासहि धांवतां येत नाहीं. त्यालाच 'पीक अवर' असेंहि म्हणतात, आणि व्हिएतनामी नांवाचा शब्दशः अर्थहि 'उच्च बिंदूची वेळ' असाच असल्यामुळें हा शब्द त्यांस लगेच समजतो. 'ट्रॅफिक' ह्या शब्दाचा जुना अर्थ व्यापार; आज वाहतूक ह्या अर्थीं त्याचें अनेकवचन करूं नये. 'जॅम' मोजतां येतो, 'ट्रॅफिक' मोजतां येत नाहीं. म्हणून 'टू जॅम्स' चालेल, 'टू ट्रॅफिक्स' चालणार नाहीं. 'कंजेशन' हा शब्द वृत्तपत्रांत रस्त्याला व दवाखान्यांत छातीला लावतात. दोन्ही ठिकाणीं अर्थ दाटणें हाच.

६. उपसंहार

महिन्याच्या शेवटीं तिनें तोच विषय पुन्हां लिहिला. पहिलीं तीन वाक्यें निर्दोष होतीं. खालीं तिनें आपल्या मनानें दोन नवीं वाक्यें घातलीं होतीं: 'रेन कम. वन ओल्ड लेडी गिव्ह मी हाफ अंब्रेला.' माझा हात संवयीनें पेन्सिलीकडे गेला. मीं तो आंवरला आणि विचारलें, "ती बाई कोण होती?" तिनें सांगितलें कीं बसमधून उतरून चालतांना पाऊस आला, तेव्हां एका अनोळखी म्हातारीनें आपल्या छत्रीखालीं तिला घराच्या वळणापर्यंत नेलें; तिचें नांव विचारावयाचें राहून गेलें. ही हकीकत पहिल्या दिवशींच तिच्या मनांत होती. परंतु क्रियापदाचा काळ चुकेल ह्या भीतीनें, आणि नंतर माझ्या रेघांच्या भीतीनें, ती कागदावर आली नव्हती. त्या वाक्यांतील चुका आम्हीं पुढच्या पाठांत सुधारल्या, परंतु त्या दिवशीं नाहीं. जातांना ती म्हणाली, "माझ्या मुलांना मी आधीं म्हातारीविषयीं विचारीन, मग क्रियापदाविषयीं."

मित्रहो, व्याकरण शुद्ध असावें ह्याविषयीं माझें मत तिळभरहि बदललेलें नाहीं. चूक ही सुधारलीच पाहिजे. परंतु परभाषेंतील बहुतेक चूक म्हणजे मातृभाषेनें मोडलेली वाट असते. ती वाट कोठून आली हें ज्याला ठाऊक, तोच चुकलेल्यास हाताला धरून हमरस्त्यावर आणूं शकतो.

अभ्यास: (१) आपल्या इंग्रजी वहींतील तांबड्या खुणा असलेलीं पांच वाक्यें घ्या व प्रत्येक चूक मराठीच्या कोणत्या रीतीमुळें झाली तें लिहा. (२) 'गेट ऑन' व 'गेट इन' ह्यांचा प्रत्येकीं तीन वाक्यांत उपयोग करा. (३) मराठींत वस्त्रें व अलंकार परिधान करण्यासाठीं कोणकोणतीं क्रियापदें आहेत, त्यांची यादी करा. (४) घरापासून शाळेपर्यंतचा आपला प्रवास इंग्रजींत दहा ओळींत लिहा. त्यांत वाटेवर भेटलेल्या एका तरी माणसाची हकीकत असावी. चुकेल म्हणून ती गाळूं नये.